उर्वशीची मरगळलेली पालवी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत बहुतेकांची पावलं पेंग्विनकडे वळतात. 1862 साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग मुळात झाडांची, हे वाटेत कुणी सांगत नाही.

इथली उर्वशी जरूर पाहावी. ही मूळची म्यानमारची. लाल फुलांवर पिवळे ठिपके आणि लांब देठांवर लोंबणारी झुंबरं; फोटो सगळे त्यांचेच काढतात. मला मात्र तिची पालवी जास्त आवडते. फांदीच्या टोकाला तांबूस-तपकिरी पानांचा झुबका ओल्या रुमालासारखा लोंबत असतो. बोटांत धरला तर मऊ, गार, जीव नसल्यासारखा. झाडाला पाणी कमी पडलं की काय, असं वाटतं.

तसं काही नसतं. कोवळं पान म्हणजे किड्यांची मेजवानी. म्हणून झाड त्यात हरितद्रव्य घालण्याची घाई करत नाही. त्यासाठी लागणारा नायट्रोजन महागाचा. पान वाढून चिवट झालं की मगच ते हिरवं होतं आणि ताठ उभं राहतं. तोवर पान खाल्लं गेलं तरी नुकसान थोडक्यात भागतं. तांबूस रंग अँथोसायनिनचा. तो कडक उन्हापासून पानाला वाचवतो, असंही मानतात.

सीतेचा अशोक उर्वशीच्याच शिंबाकुळातला. त्याची पालवीही अशीच लोंबते. आपल्या सोसायट्यांत कुंपणाला लावतात तो सरळसोट ‘अशोक’ मात्र सीताफळाच्या कुळातला. त्याचा इथे काही संबंध नाही.