शेतकरी गटाचा निरोप : घरोघरी की चावडीवर?

कापूस उत्पादकांचा गट स्थापन करणे फारसे कठीण नाही. तो पाच-सहा हंगाम टिकविणे कठीण आहे. एकाला कळले, दुसऱ्याला कळलेच नाही, तिसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही, अशा कुरबुरींतून चांगले गट विस्कळीत होतात. यासाठी सभासदांनी आपसांत विचारविनिमय कसा करावयाचा, हे पेरणीपूर्वीच ठरवावे.

यासाठी दोन मार्ग आहेत. निरोप प्रत्येकाच्या घरी पोचवावा, किंवा सर्वांनी ठरल्या दिवशी चावडीवर अथवा शेताच्या बांधावर जमावे. पहिले काम पूर्वी दवंडी व पोस्टकार्डाने होत असे, आता ते मोबाईलने होते. त्यात सभासदाला काहीच करावे लागत नाही, ही मोठी सोय. परंतु सकाळच्या शुभेच्छा आणि देवादिकांची चित्रे रोज येऊ लागली की शेतकरी निरोप उघडून पाहणेच सोडतो व कामाची सूचना त्यात बुडते. बैठकीचे दोष निराळे. दूर वस्तीवरचा माणूस येत नाही, चावडीवर महिला सहसा येत नाहीत आणि मोठ्या आवाजाचा सभासदच बोलत राहतो. कापूस वेचणीपासून निंदणीपर्यंतची बरीच कामे महिला करतात, हे लक्षात घेता बैठक बांधावर व त्यांच्या सोयीच्या वेळी घेणे अधिक चांगले.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. पेरणीनंतर सुमारे 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सलग 3 रात्री प्रति सापळा सरासरी 8 पतंग आढळल्यास, किंवा फोडून पाहिलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडे किडलेली निघाल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. समजा, एका सभासदाच्या सापळ्यात इतके पतंग सापडले. 'सापळे पहा, बोंडे फोडा' हा निरोप त्याच दिवशी घरोघरी गेला पाहिजे, कारण अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजते व फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. मात्र 'फवारणी करा' असा निरोप सरसकट धाडू नये. शेजाऱ्याची पेरणी पंधरा दिवस उशिराची असल्यास त्याच्या शेतात ती पातळी आली नसण्याची शक्यता असते. त्याचा खर्च वाया जाईल व मित्रकीटकही मरतील.

कीटकनाशकाचे प्रमाण तर समोरासमोरच समजावून द्यावे. मात्रा 10 लिटर पाण्यासाठी की एकरासाठी, एवढ्या एका शब्दाने घोटाळा होतो. सन 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले. डब्यावरील माहितीपत्रक मोठ्याने वाचणे, हातमोजे व मुखपट्टी प्रत्यक्ष वापरून दाखविणे, ही कामे बांधावरचीच आहेत. इंडोनेशियात 1989 मध्ये भातपिकावर सुरू झालेल्या शेतीशाळेची पद्धतही हीच : शेतात जमावयाचे, पीक पाहावयाचे आणि चर्चेतून निर्णय घ्यावयाचा.

बैठकीत ठरलेले एका वहीत तारखेसह लिहावे व वही सर्वांना पाहता येईल अशा घरी ठेवावी. नवा सभासद तोच प्रश्न घेऊन आला तर गेल्या हंगामाची पाने त्याच्यापुढे उघडता येतात.

फरदड न घेण्याचा निर्णय केवळ निरोपावर सोडू नये. एका शेतात कपाशी पुढे उभी राहिली तरी अळीला खाद्य मिळत राहते आणि पुढच्या हंगामात उपद्रव सर्वांनाच होतो. डिसेंबरअखेर पीक काढावयाचे तर कोणाला शेवटच्या वेचणीचा मोह असतो, कोणाला पऱ्हाट्या काढण्यास मजूर मिळत नाहीत. अशा अडचणी नोव्हेंबरच्या बैठकीतच ऐकून घ्याव्यात, मजूर व यंत्र सामाईक ठरवावे आणि प्रत्येकाची संमती वहीत घ्यावी. त्यानंतर कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी यंत्र येणार, एवढा निरोप मोबाईलवर पुरेसा आहे.