‘आवडते’ आणि ‘आवडेल’: जर्मनची मराठी किल्ली

सकाळची वेळ. जर्मनीतल्या बेकरीत रांग लागलेली. पुण्याहून नुकताच गेलेला विद्यार्थी काचेपलीकडच्या गोल पावांकडे बोट दाखवून म्हणतो, ‘इश विल त्स्वाय ब्र्योट्शेन.’ व्याकरणात एकही चूक नाही. पण काउंटरवरच्या बाईंना ऐकू येतं, ‘मला दोन पाव पाहिजेत म्हणजे पाहिजेत.’ मागचा गिऱ्हाईक ‘इश म्यॉष्टे’ म्हणतो. पाव तेवढेच, बोलण्यातली अदब वेगळी.

चूक होते ती इंग्रजीचा वळसा घेतल्यामुळे. इंग्रजी ‘वाँट’चा अर्थ शब्दकोशात पाहिला की ‘वोलन’ सापडतं, त्याचंच रूप ‘विल’. आणि दिसायला ते इंग्रजी ‘विल’सारखं असल्याने काही जण त्याला भविष्यकाळ समजतात. जर्मन ‘विल’मध्ये भविष्यकाळ नाही, इरादा आहे. म्हणून ‘मला डॉक्टर व्हायचंच आहे’ हे सांगताना तो शब्द अगदी शोभतो. पाव मागताना नाही.

मराठी माणसाने सरळ मराठीतून यावं. ‘म्योगन’ म्हणजे आवडणे. ‘इश माग काफे’ म्हणजे मला कॉफी आवडते. आत्ता कप समोर यावा, असं त्यात काही नाही. ‘म्यॉष्टे’ म्हणजे ‘आवडेल’. पुष्कळ जण ते वेगळं क्रियापद म्हणून पाठ करतात, पण ते ‘म्योगन’चंच संकेतार्थी रूप आहे. ‘कॉफी घेणार?’ या प्रश्नाला आपण ‘आवडेल’ म्हणतो, तेव्हा आवडीच्याच शब्दातून नम्र इच्छा सांगतो. जर्मनही तेच करते.

वाक्याची ठेवणसुद्धा परकी वाटू नये. ‘इश म्यॉष्टे आयनन काफे ट्रिंकन’ यात ‘पिणे’ हे क्रियापद शेवटी येतं, ‘मला कॉफी प्यायची आहे’मध्ये येतं तसंच. फरक ‘मला’पाशी आहे. ‘म्योगन’ला कर्ता लागतो ‘मी’. आपल्या ‘मला’ची सवय जर्मनमध्ये दुसरीकडे उपयोगी पडते: जेवण आवडलं तर ‘एस श्मेक्ट मीर’. इथला ‘मीर’ म्हणजे नेमका आपला ‘मला’, आणि कर्ता म्हणजे ताटातला पदार्थ. ‘मला आंबा आवडतो, पोळी आवडते’ म्हणणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मला सर्वांत गोड वाटतं ते भूतकाळाचं. ‘म्यॉष्टे’ला स्वतःचा भूतकाळ नाही, काल काय हवं होतं हे सांगायला ‘वोल्टे’ लागतं, म्हणजे ‘विल’चाच भूतकाळ. आणि भूतकाळात जाताच त्या हट्टी शब्दाची धार जाते. जर्मन माणूस चौकशीच्या खिडकीशी ‘इश वोल्टे फ्रागन’ अशी सुरुवात करतो. आपण काय म्हणतो? ‘मला जरा विचारायचं होतं.’ विचारायचं आत्ताच असतं, तरी दोन्ही भाषा अदबीने एक पाऊल मागे सरतात.

२०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे जाऊ पाहणाऱ्यांमध्ये मराठी माध्यमात शिकलेली मुलंही असतील. त्यांना जर्मन शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती: फळ्यावर ‘म्यॉष्टे’समोर इंग्रजी अर्थ लिहू नका, ‘आवडेल’ लिहा.