एकसष्टचा हट्ट

२२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन. रामानुजन आणि त्या टॅक्सीच्या नंबराची गोष्ट त्या दिवशी चुकत नाही. जोडीला ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येचं कौतुक असेल. हजारो ग्राफिक्स चिप राबवून मिळवलेल्या त्या विक्रमापुढे १,७६,६३,१९,०४९ ही दहा अंकी संख्या किरकोळच. पण गंमत हिच्यात जास्त आहे, आणि हिचं घराणं आपल्याकडचं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात एक उदाहरण घातलं. शून्य सोडून अशी संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. ६१ चे शेजारी सरळ आहेत. ६० साठी ४ घेतले की ३१ चा वर्ग येतो, ६२ साठी ८ घेतले की ६३ चा. ६१ मात्र २२,६१,५३,९८० पर्यंत दाद देत नाही! तिथे जिचा वर्ग येतो, ती आपली दहा अंकी संख्या. याहून लहान उत्तर नाहीच. सेकंदाला एक संख्या, न झोपता तपासली तरी सात वर्षं जातील.

भास्कराचार्य असे चाचपडत बसले नाहीत. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने जास्त, इथून सुरुवात. तेच गणित फेऱ्याफेऱ्याने करत जाणाऱ्या चक्रवाल पद्धतीच्या एका फेऱ्यात ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, तर २५ ची ६१ पट १५२५. फरक उणे ४. पुढचं काम ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ करते, म्हणजे अशा दोन जोड्यांतून तिसरी जोडी काढण्याची इ. स. ६२८ मधली रीत. तिने २९७१८ हाती येतो. त्याच्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवला, की झालं. चक्रवालाचं सगळं श्रेय भास्कराचार्यांना देणंही बरोबर नाही. जयदेव नावाच्या गणितीची ही रीत १०७३ च्या एका टीकाग्रंथात आधीच नोंदलेली आहे.

भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितीला हाच ६१ घातला. सोबत १०९ सुद्धा. त्याचं उत्तर पंधरा अंकी. फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतो, असा मानभावीपणा वर होताच. रीत शोधली ब्राउंकरने, ऑयलरने अशा समीकरणाला नाव दिलं पेलचं, आणि आजही पाठ्यपुस्तकांत ‘पेलचं समीकरण’च छापलं जातं. हे बदलायला काय हरकत आहे?

भास्कराचार्यांच्या घराण्याचा माग काढत कन्नडचा घाट उतरला की लागतं चाळीसगाव तालुक्यातलं पाटण. भास्कराचार्यांचं गाव हेच का, यावर वाद आहे. पण त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, हे तिथल्या १२०७ च्या शिलालेखातच आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृत, पण मठासाठी कोणी काय द्यायचं, तो व्यवहाराचा तपशील मराठीत कोरलेला आहे.