दोन किलोंत व्हॉल्व्हची ऊब

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. मागच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यातून नारिंगी उजेड दिसायला लागायचा, मग हलकीशी घरघर, आणि मग कुठे निवेदकाचा आवाज. त्या आवाजाला कडा नव्हत्या. बेस गिटार वाजवणारी मंडळी आजही त्याच बिनकडांच्या आवाजाच्या मागे आहेत. पंचाईत एवढीच, की त्यांच्या वाट्याला तो आवाज बरीच वर्षं चाळीस किलोंच्या पेटीतून आला.

ती पेटी म्हणजे अँपेग या अमेरिकन कंपनीनं १९६९ साली बाजारात आणलेला ‘एसव्हीटी’ हा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. ३०० वॅट, आत चौदा व्हॉल्व्ह. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी तो अमेरिकेच्या दौऱ्यावर वापरला आणि मोठ्या मैदानात बेस ऐकू येऊ शकतो हे सिद्ध झालं. नुसतं हेड, म्हणजे बटणं आणि व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, चाळीस किलोंच्या आसपास. त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट, ते साठ किलोंच्या पुढे. वादक त्याला ‘फ्रिज’ म्हणतात, आणि ज्यानं ते जिन्यावरून चढवलंय त्याला हे नाव विनोदी वाटत नाही.

एवढं वजन होतं कशाचं? काचेच्या व्हॉल्व्हचं नव्हेच. ते मूठभर ग्रॅमांचे. वजन लोखंडाचं होतं. भिंतीतल्या विजेचा दाब व्हॉल्व्हला लागतो तेवढा, काहीशे व्होल्टपर्यंत चढवणारा एक ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हमधून येणारी ताकद स्पीकरला झेपेल अशी करून देणारा दुसरा. शिवाय प्रत्येक स्पीकरच्या पाठीला चिकटलेलं जाडजूड चुंबक. ॲम्प हलका झाला तो या तीन ठिकाणी.

पहिल्या बदलाचा नमुना प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत असतो. जुना मोबाइल चार्जर जड ठोकळा होता, आताचा बोटभर. विजेची उलटसुलट लय सेकंदाला पन्नास असेल तर ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. तीच लय हजारोंच्या घरात नेली की तेच काम सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर करतो. दुसरा बदल पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. जुना चौकोनी डबा वेग कमी करायचा तो जास्तीची वीज आतल्या आत जाळून, म्हणून हात लावला की चटका बसे. नवा रेग्युलेटर वीज झटपट चालू-बंद करतो, म्हणून थंड राहतो. ‘क्लास डी’ ॲम्पचं तत्त्व याच्याच जवळचं: आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात, आणि शेवटी एक गाळणी त्या तुकड्यांतून सलग सूर काढते. वीज फारशी वाया जात नाही, उष्णता कमी, म्हणून ती बाहेर फेकणारी ॲल्युमिनियमची पातीही छोटी. तिसरा बदल चुंबकाचा. १९८०च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली. तेवढीच ओढ, वजन मात्र कितीतरी कमी.

परिणाम असा, की न्यूयॉर्कच्या अ‍ॅग्विलार कंपनीचा ‘टोन हॅमर ५००’ हा ५०० वॅटचा ॲम्प १.८ किलोंचा आहे. गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतो. मेसा बूगीचा ‘सबवे डी-८००’ अडीच किलोंचा. स्पीकरसकट एकच पेटी हवी असेल तर फेंडरचा ‘रम्बल ५००’ साडेसोळा किलोंचा, म्हणजे एका हाताचं काम.

मग ऊब? ती जुन्या लोखंडाबरोबर गेली, असं छातीठोक सांगणारे वादक भरपूर भेटतात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हॉल्व्हवर ताण आला की तो सुराचं शिखर खाडकन छाटत नाही, हळूच दाबतो. त्या दाबण्यात मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे बारीक स्वर मिसळतात. बेसच्या जाड तारेचा ‘ई’ सेकंदाला ४१ कंपनांचा. एवढा खोल स्वर छोटा स्पीकर धड काढूच शकत नाही. पण ८२ आणि १२३चे सोबती स्वर ऐकू आले की कान खालचा ४१ स्वतःच भरून काढतो. म्हणूनच व्हॉल्व्हचा आवाज ‘भरलेला’ वाटतो. शिवाय व्हॉल्व्हच्या ॲम्पची स्पीकरवरची पकड थोडी सैल असते, त्यामुळे स्वर तुटत नाही, जरा फुलतो. क्लास डीची पकड घट्ट, त्यामुळे स्वर टकटकीत.

यातलं बरंचसं आधीच्या टप्प्यात, म्हणजे प्रीॲम्पमध्ये, पुन्हा घडवता येतं. ऑरेंजच्या ‘टेरर बेस’मध्ये पुढे खरे व्हॉल्व्ह आणि मागे क्लास डी असा संसार आहे. इटलीच्या मार्कबेसच्या ‘लिटल मार्क ट्यूब’मध्ये तर एक बटण आहे: एका टोकाला ट्रान्झिस्टर, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह, मध्ये हवं तेवढं मिश्रण. दुकानात हा ॲम्प असेल तर विकत घ्यायचा नसला तरी ते बटण डोळे मिटून फिरवून पाहावं. फरक आहे, पण जाहिराती सांगतात त्याहून पुष्कळ लहान. उलट टोन हॅमरमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही; त्याचं ‘ड्राइव्ह’ बटण वाढवलं की आवाज गोल आणि किंचित खरखरीत होत जातो, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. खिडकीतून लुकलुकणारा एकुलता एक व्हॉल्व्ह पाहून पाकीट काढू नये. काही ॲम्पमध्ये त्याला इतका कमी दाब मिळतो की तो कामापेक्षा शोभेलाच जास्त.

वॅटच्या आकड्यांचीही एक गंमत आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेपलीकडे गेला तरी कानाला गोड लागतो, म्हणून वादक त्याला बिनदिक्कत ताणतात. ट्रान्झिस्टरवाला त्या रेषेवर कर्कश होतो, म्हणून त्याच्याकडे शिल्लक ताकद हवी. ढोलकी, ड्रम आणि दोन कीबोर्ड असलेल्या ऑर्केस्ट्रात ५०० वॅट म्हणजे चैन नव्हे. त्यातही मेख अशी, की टोन हॅमरचे ५०० वॅट चार ओहमच्या कॅबिनेटवर मिळतात. आठ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलं तर २५०. वॅट दुप्पट झाले तरी आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबलनं वाढतो. म्हणून पैसे मोजके असतील तर हेड साधं आणि कॅबिनेट चांगलं घ्यावं. ध्वनितज्ज्ञ जे. अँटन हॉफमन यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे: पेटी लहान हवी, खोल स्वर हवा आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज हवा, यातलं कुठलंही एक सोडावं लागतं. हेड कितीही हलकं झालं तरी या नियमातून सुटका नाही.

दुकानात ॲम्प ऐकताना बहुतेकांची एक चूक होते. आवाज हळू असतो, आणि हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. मग ‘बेस’चं बटण चढवलं जातं, आवाज मस्त ऊबदार वाटतो, आणि रात्री मांडवात मोठ्यानं वाजवल्यावर नुसता चिखल होतो. तेव्हा आपली गिटार बरोबर न्यावी, सगळी बटणं मध्यावर ठेवावीत, आवाज मोठा करावा आणि दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करावं. कॅबिनेटच्या मागे बहुधा छोट्या कर्ण्याचं वेगळं बटण असतं. ते बंद केलं की अर्धी ‘ऊब’ तिथेच सापडते. पाठीवरची विजेच्या दाबाची पट्टीही वाचावी. अमेरिकेहून नातेवाइकानं आणलेला, फक्त १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टला लावला तर धूर निघतो.

हलक्या ॲम्पची एक खोड कबूल करायला हवी. बिघडला तर त्याचा बारीक भागांचा सर्किट बोर्ड बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो. व्हॉल्व्हचा ॲम्प जुना रेडिओ मेकॅनिक अजूनही उघडून दुरुस्त करू शकतो.

ऊबदार बेसची गोष्ट निघाली की जेम्स जेमर्सनचं नाव येतंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या असंख्य गाण्यांत त्याचाच बेस आहे, आणि कार्यक्रमांत तो अँपेगचा व्हॉल्व्हवाला बी-१५ वाजवत असे. हा ॲम्प १९६०चा. वाजवून झालं की वरचं हेड उलटं करून पेटीतच बसवायचं, अशी त्याची रचना. पण मोटाउनच्या स्टुडिओत त्याची गिटार बहुतेक वेळा ॲम्पला न जोडता सरळ मिक्सरला जोडलेली असे. त्या आवाजातली ऊब आली होती गुळगुळीत, चपट्या वेटाळणीच्या जाड तारांतून, ज्या तो तुटेपर्यंत बदलत नसे; तारांच्या घोडीवरच्या झाकणाखाली दाबलेल्या स्पंजच्या तुकड्यातून; आणि उजव्या हाताच्या एकाच बोटातून. तशा तारा आजही मिळतात. स्पंज भांडी घासायचा चालतो, फक्त नवा घ्यावा.