विमानाखालचं रॉकेट आणि एकाच टाकीचा मोह

विमानाने रॉकेट १२ किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं, म्हणजे निम्मं काम झालंच की! असं तुम्हालाही वाटत असेल, तर हा हिशोब बघा. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरायला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. विमान देतं जेमतेम पाव किलोमीटर. बाकीचा वेग रॉकेटलाच कमवावा लागतो.

फायदे आहेतच: वरची हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी, आणि हवामान वाईट असेल तर दुसरीकडे जाता येतं. पण विमानाच्या पोटाखाली मावेल एवढंच रॉकेट नेता येतं. शिवाय ते आडवं टांगलेलं असतं, म्हणून वाकण्याचा ताण सोसायला सांगाडा मजबूत, म्हणजेच जड करावा लागतो. त्यात रॉकेट लहान केलं म्हणून व्हॉल्व्ह आणि संगणक त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. टाकीची लांबी-रुंदी निम्मी केली, तर इंधन मात्र आठव्या हिश्श्यावर येतं!

मग वजन वाचवायचं कुठे? १९९० मध्ये पहिल्यांदा उडालेल्या पेगॅससने घन इंधन वापरलं. अमेरिकेच्या डार्पा संस्थेच्या ‘अलासा’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. एफ-१५ विमानाखालून ४५ किलोचा उपग्रह १० लाख डॉलरच्या आत सोडायचा, हे उद्दिष्ट. २०१४ मध्ये काम बोईंगला मिळालं. इंधन आणि ऑक्सिडायझर वेगळे न ठेवता, नायट्रस ऑक्साइड आणि ॲसिटिलीन एकाच टाकीत मिसळायचं ठरलं. टाक्या कमी, नळ्या कमी, खर्चही कमी.

गोची इथेच आहे. वेल्डिंगवाल्याकडचं ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र पदार्थ भरलेल्या सिलिंडरमध्ये ठेवतात, कारण दाबाखाली ते हवेशिवायही फुटू शकतं. नायट्रस ऑक्साइडही विघटन होताना उष्णता सोडतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे स्केल्ड कंपोझिट्सच्या चाचणीत नुसता नायट्रस ऑक्साइड वाहत होता, इंजिन पेटवलेलंही नव्हतं. स्फोट झाला आणि तिघांचा जीव गेला.

आता हे दोन्ही पदार्थ एकत्र करा. आग लागायला जे जे हवं ते आधीच मिसळलेलं. ठिणगी किंवा अचानक वाढलेला दाब, एवढंच बाकी. २०१५ मधल्या जमिनीवरच्या चाचण्यांत या मिश्रणाचे दोनदा स्फोट झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्पाने उड्डाणाचा बेत सोडला.

म्हणून पुढच्या वेळी ‘एकच टाकी, सोपं रॉकेट’ असं कुठे वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: त्या टाकीच्या वर, विमानात, कोण बसलंय?