जगाचा ठेका – भाग ६ : पाच ठोक्यांची किल्ली

घरात मूठ तुटलेलं एक शिसवी लाटणं बरेच दिवस पडून होतं. गेल्या रविवारी ते करवतीने मधोमध कापलं, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि दोन्ही तुकडे पिशवीत टाकून एकलहरे गावातल्या मंदिराच्या सभामंडपात गेलो. भाद्रपद जवळ आला की तिथे संध्याकाळी पोरापोरींचा ढोलाचा सराव चालतो. समोर थर्मलच्या चिमण्या, मागे गोदावरीकडून येणारं वारं आणि मधे ताशाची करकर. त्या आवाजात माझ्या लाटण्याच्या तुकड्यांना कुणी विचारणार नाही असं वाटलं होतं. पण ढोल थांबले आणि मी एकदाच ‘ठक’ केलं, तेव्हा वीस माना वळल्या. सुक्या, कठीण लाकडाचा आवाज बारीक असतो, पण तो गर्दीत हरवत नाही. हा गुण पुढे कामाला येणार आहे.

या दोन तुकड्यांना क्युबामध्ये ‘क्लावेस’ म्हणतात आणि त्यांच्यावर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या आकृतीला ‘क्लावे’. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली. कमानीच्या माथ्यावर जो दगड बसवल्याशिवाय बाकीचे दगड उभे राहत नाहीत, त्यालाही त्या भाषेत याच शब्दाने ओळखतात. क्युबाच्या लोकसंगीताचे मोठे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस (१८८१–१९६९) यांनी या काड्यांचा माग हवानाच्या जहाजबांधणीच्या धक्क्यापर्यंत नेला. जहाजाच्या फळ्या जोडायला तिथे कठीण लाकडाच्या खुंट्या वापरत. कामगारांनी त्याच खुंट्या एकमेकींवर वाजवायला घेतल्या, असं त्यांचं म्हणणं.

काडी धरायची एक रीत आहे. ती चुकली तर लाकूड मुकं होतं. डाव्या हाताची बोटं अर्धवट मिटायची, तळव्याखाली पोकळी राहिली पाहिजे. त्या पोकळीवर एक काडी नुसती टेकवायची, आवळायची नाही. अंगठा आणि बोटांची टोकं तिला पडू देत नाहीत, एवढंच. ही खालची काडी ‘मादी’, वरून मारायची ती ‘नर’. पोकळ तळवा इथे डग्ग्याच्या भांड्याचं काम करतो. पथकातल्या एका मुलीने पहिल्यांदा काडी मुठीत घट्ट धरली, तेव्हा ‘टप’ असा बोदा आवाज आला. बोटं सैल केल्याबरोबर तीच काडी खणखणली.

आता आकृती. पुस्तकी लिपीत ती किचकट दिसते, म्हणून आपल्या घरच्या दाराने आत जाऊ. केरवा सगळ्यांच्या कानात आहे : धा गे न ति, न क धि न. पुस्तकात त्याचे चार-चार मात्रांचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर खाली. पण डोळे मिटून ऐका. कान विभाग मानत नाही. कानाला ऐकू येतं ते असं : धागेन, तिनक, धिन. तीन, तीन, दोन. ठळक बोल पडतात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे धा, ति आणि धि. क्युबात या तीन-तीन-दोनला ‘त्रेसियो’ म्हणतात आणि तिथल्या अर्ध्याअधिक संगीताचा तो पाया आहे. आपल्याकडे तो वरातीत, भावगीतात आणि सिनेमाच्या गाण्यात रोज वाजतो, पण त्याला वेगळं नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही.

केरव्याची दोन आवर्तनं तोंडाने म्हणा. पहिल्या आवर्तनात धा, ति, धि या तीन बोलांवर काडी मारा. दुसऱ्या आवर्तनात या तिन्ही जागा सोडा आणि फक्त पहिल्या दोन ‘न’वर मारा, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. शेवटचा ‘न’ रिकामा जाऊ द्या.

ठक ऽ ऽ ठक ऽ ऽ ठक ऽ | ऽ ऽ ठक ऽ ठक ऽ ऽ ऽ

ही झाली क्लावे. सोळा मात्रा, पाच ठोके, अंतरं ३, ३, ४, २, ४. पहिल्या अर्ध्याला ‘तिनाची बाजू’ म्हणतात, दुसऱ्याला ‘दोनाची बाजू’. क्युबाच्या पूर्व भागातून हवानात आलेल्या ‘सोन’ नावाच्या गानप्रकारात ती अशी वाजते. हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या वस्त्यांमध्ये वाढलेल्या ‘रुंबा’त तिसरा ठोका एक मात्रा पुढे सरकतो, ‘धि’वरून शेवटच्या ‘न’वर. बदल एवढासाच, पण संपूर्ण अंगाची चाल बदलते.

सभामंडपात तबला-ढोलकी वाजवणारे आबा बसले होते. निवृत्तिनाथांची पालखी पळशाला मुक्कामाला येते तेव्हा तिथल्या भजनाला ते दरवर्षी साथ करतात. ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही धा-ति-धि म्हणता. मग भजनी ठेका घ्या की. धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ. पहिली, चौथी तीच. तिसरा धिं तेवढा सहावीवर.” मी बोटांवर मोजून पाहिलं आणि गप्प झालो. पहिली आणि चौथी मात्रा कायम, तिसरा ठोका भजनीत सहावीवर, केरव्यात आणि सोनमध्ये सातवीवर, रुंब्यात आठवीवर. भजनीत सातवीवरचा ‘ना’ असतोच, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरीही मी इतकी वर्षं या आकृत्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, त्या आबांनी एका वाक्यात ठेवल्या.

इथपर्यंत सगळं आपलंच वाटतं. फरक पुढे आहे.

गेल्या आठवड्यात आपण खाली-भरी पाहिली. भजनीच्या दुसऱ्या अर्ध्यात ‘धिं’चा ‘तिं’ होतो, डग्ग्याची घुमार जाते. म्हणजे ठोक्यांच्या जागा त्याच राहतात आणि आवाजाचा रंग बदलतो. अंधारात बसूनही आपण आवर्तनाच्या कोणत्या अर्ध्यात आहोत हे त्या रंगावरून कळतं. क्लावेत लाकडाचा रंग एकच आहे, त्याला खर्ज नाही. त्यामुळे तिथे जागाच बदलतात. तिनाची बाजू विचारते, दोनाची बाजू उत्तर देते. काम तेच, वाट वेगळी. आणि दुसरा अर्धा जिथे सुरू होतो त्या मात्रेवर काडी पडतच नाही. आपली खाली नावाची खाली असते, तिथे हात हलतो, बोल वाजतो. क्लावेत ती जागा खरोखरच रिकामी.

पोरं नेमकी तिथेच पडली. सरावाने त्यांच्या हातात सरळ मात्रा बसलेली. आमच्या पथकात टोल हीच सरळ मात्रा धरून असतो आणि चाळीस ढोल त्याच्या भरवशावर चालतात. पाय सोळा मात्रांत चार वेळा टेकतो : पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर. क्लावेचे ठोके पाच, पण पायाशी त्यांची गाठ दोनदाच पडते, पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर. मधले तीन ठोके पायांच्या फटीत पडतात. नवव्या मात्रेवर पाय टेकला की हात आपोआप उठत होता. मग मी पोरांना त्या जागी तोंडाने ‘हं’ म्हणायला लावलं, हात न उचलता. तेवढ्याने आकृती उभी राहिली.

टोल आणि क्लावे यांच्यातला हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. टोल सांगतो, मात्रा इथे आहे. क्लावे सांगते, आपण आवर्तनात कुठे आहोत. या दृष्टीने क्लावेचं खरं भावंड टोल नव्हे, लेहरा आहे. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तोच लेहरा तासभर फिरत राहतो. तबलजी कितीही दूर गेला तरी त्याला घराचा पत्ता मिळत राहतो. रुंब्यात गाणारे, खालच्या आवाजाचे दोन ढोल, बांबूवर किंवा लाकडावर दोन काठ्यांनी वाजणारा ‘काता’ आणि सर्वांत वरच्या सुरातला ‘किंतो’ असा सगळा मेळ असतो. किंतोवाला नाचणाऱ्याशी बोलत असतो, तो मोकळा असतो. क्लावेवाल्याला ती मोकळीक नाही. त्याने एकही ठोका वाढवायचा नाही, गाळायचा नाही, घाईही करायची नाही. आणि त्याचा बारीक, सुका आवाज सगळ्या कातड्यांच्या वर ऐकू यावा लागतो.

गाणं कोणत्या बाजूने उचलायचं हे चालीवर ठरतं. तिनाच्या बाजूने उचललं तर ‘तीन-दोन’, दोनाच्या बाजूने उचललं तर ‘दोन-तीन’. तीनतालातली बंदिश समेवरून उठते, तशी नवव्या मात्रेवरून, खालीवरूनही उठते आणि म्हणून ताल उलटा होत नाही, त्यातलंच हे. एकदा उचललं की मात्र शेवटपर्यंत बाजू बदलायची नाही. कुणाची ओळ भलत्या बाजूवर पडली तर तिथले लोक म्हणतात, ‘क्रुसादो’, आडवं गेलं. मात्रा चुकलेली नसते, लय धावलेली नसते, तरी मेळ विस्कटतो. हे मला कळायला फार वेळ लागला. ध्वनिमुद्रणं ऐकताना पहिले काही महिने मी सम दोनाच्या बाजूवर धरून बसलो होतो. सगळं जुळत होतं आणि तरी प्रत्येक ओळ अंगावर उलटी येत होती. एके दिवशी गायकाच्या श्वासाकडे लक्ष दिलं, तेव्हा ते सुलट झालं.

ही आकृती आली कुठून? पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून. उसाच्या मळ्यांसाठी आणि साखर कारखान्यांसाठी गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर. तिकडे लोखंडी घंटेवर अशा आकृत्या वाजतात आणि ढोल त्यांच्याभोवती फिरतात. क्युबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. माणसांची नावं, भाषा, कुटुंबं तुटली, ढोलांवरही वेळोवेळी बंदी आली. तेव्हा बंदरावरच्या मजुरांनी खारवलेल्या माशांची आणि मेणबत्त्यांची रिकामी खोकी वाजवली. ‘काहोन’ म्हणजे खोकं, आणि आजही ते वाद्य रुंब्यात आहे. घंटा गेली तिथे लाकूड आलं. वस्तू बदलल्या, ठोक्यांमधली अंतरं टिकली. ती कुणी कागदावर लिहिलेली नव्हती, हातातून हातात गेली, एवढ्यासाठी मला या पाच ठोक्यांबद्दल आदर वाटतो.

पुढचा प्रवास लांबचा आहे, तो इथे थोडक्यात. १९४७ मध्ये हवानाचा ढोलवादक चानो पोसो न्यूयॉर्कमध्ये डिझी गिलेस्पीच्या जॅझ वाद्यवृंदात दाखल झाला आणि क्युबाचे ढोल जॅझच्या मधोमध आले. १९५५ मध्ये बो डिडली या अमेरिकी गायकाने गिटारवर जो ठेका गाजवला तो याच आकृतीचा सख्खा नातलग. २०१६ मध्ये अदिस अबाबाच्या बैठकीत युनेस्कोने क्युबाच्या रुंब्याला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. त्याच बैठकीत आपला योगही त्या यादीत गेला.

सभामंडपात शेवटी आबांनी ढोलकी मांडीवर घेतली, केरवा लावला आणि काड्या त्या मुलीच्या हातात दिल्या. सहा-सात आवर्तनं ती डगमगली. मग बसली. पोरांनी ढोल अगदी हलक्या हाताने धरले. आबा अधूनमधून लग्गी लावत होते, पण कान त्या दोन ‘न’कडे. तेराव्या मात्रेवरचा शेवटचा ठोका पडला की तीन मात्रा काहीच नाही आणि मग धा. थांबल्यावर आबांनी विचारलं, “हेच सहा मात्रांत बसतं का हो?”

बसतं. रुंब्याचा ‘कोलुंबिया’ नावाचा प्रकार तसाच आहे. दादऱ्याची दोन आवर्तनं घ्या : धा धी ना, धा ती ना. पहिल्यात मारा पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर, दुसऱ्यात दुसऱ्या आणि चौथ्यावर. पुढच्या रविवारपर्यंत हे हातात घोळवून ठेवा, आपण तिथूनच सुरुवात करू.