खिडक्यांना चौकट मिळेपर्यंत

सकाळी साडेनऊ. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीसमोर इंटेल ग्राफिक्सचा जुना लॅपटॉप आहे. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम काल संध्याकाळीच टाकून झाली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’, बाकी शुकशुकाट.

“सर, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर अर्ध्या तासात डेस्कटॉप मिळेल.”

मिळेल, वादच नाही. पण आमचे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. शिवाय डेस्कटॉप म्हणजे एकमेकांवर रचलेले निरनिराळे प्रोग्रॅम असतात, हे मी सांगून तिला पटणार नाही.

दहा. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो मूळ सिस्टिममध्ये येत नाही, ‘डीआरएम-केमॉड’ या पॅकेजातून घ्यावा लागतो. मुळात तो लिनक्सचाच, इकडे आणलेला. बूट होताना आपोआप चढावा म्हणून ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये एक ओळ, आणि तिचं खातं ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा अर्ध्या वाटेत अक्षरं एकदम बारीक झाली. ड्रायव्हर चढला.

अकरा. झॉर्ग, म्हणजे एक्सचा सर्व्हर, उतरतंय, तोवर चहा. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली; आज वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. यात ‘सर्व्हर’ म्हणजे आपल्यासमोरचं मशीन, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारं. प्रोग्रॅम हे त्याचे क्लायंट, मग ते दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर का चालेनात. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी ठेवलेला डबा, असं शिकून आलेल्यांना हे उलटंच वाटतं.

बारा. दिवसातला माझा आवडता तास. डेस्कटॉप न टाकता नुसता एक्स सुरू करायला लावला, त्यात दोन एक्सटर्म, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एकावर एक बसलेल्या दोन खिडक्या. शीर्षकपट्टी नाही, बंद करायची फुली नाही, ओढायला जागा नाही. माउस ज्या खिडकीवर असेल तिच्यात टाइप होतं.

“हे बिघडलंय का?”

नाही. एक्सचं काम इथे संपतं. खिडकीला चौकट देणं, ती हलवणं ही विंडो मॅनेजरची कामं. मग ‘टीडब्ल्यूएम’ सुरू केला, पट्ट्या आल्या. तीच प्रोसेस मारायला सांगितली. पट्ट्या गेल्या, पण एक्सटर्म जिवंत, त्यात चाललेली कमांडही चालूच. तिने हा खेळ पुन्हा पुन्हा केला आणि मी जेवायची आठवण करून दिली नाही. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडमध्ये ही गंमत नाही. तिथे पडदा सांभाळणारा आणि खिडक्या मांडणारा एकच.

दोन. जेवून एक्सएफसीई हा डेस्कटॉप. ऑलिव्हिए फूरदाँने १९९६ मध्ये सुरू केलेला, जुन्या मशीनला झेपणारा. पॅनल, फाइल मॅनेजर, विंडो मॅनेजर सगळे वेगळे प्रोग्रॅम. एकमेकांना निरोप द्यायला डी-बस. ती सर्व्हिस चालू करून ‘एक्सइनिटआरसी’त एक ओळ, की झालं.

साडेतीन. मराठी. फाँट नव्हता तोवर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी. नोटोचा देवनागरी फाँट टाकला, कीबोर्डला इनस्क्रिप्टची जोड दिली. ‘दुसऱ्या’ टाइप करून बघ, म्हटलं. ऱ्य नीट जुळला तर बाकीची काळजी नको. एडिटरमध्ये जुळला, एक्सटर्ममध्ये फुटला. दोष फाँटचा नाही, एक्सटर्मला जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत.

पाच. ग्राफिकल लॉगिनसाठी लाइटडीएम टाकायचं तिच्या मनात होतं. मी आठवडाभर थांब म्हणालो. डेस्कटॉप रुसला तर साध्या लॉगिनवरून लॉग वाचता येतो. तोवर ‘स्टार्टएक्स’ टाइप करायचे कष्ट घ्यावेत.

सहा. मी बॅग भरतोय.

“सर, एक्सएफसीई ठेवून त्याचा विंडो मॅनेजर तेवढा बदलता येईल?”

“येईल की.”

तिने पॅकेजची यादी उघडली. वॉलपेपर अजून आला तोच आहे.